पोळ्याच्या रांगेतलं मशीन

देऊळघाट

मी फार लांब गेलो नव्हतो. जिल्ह्याच्या या टोकावरून त्या टोकाला गेलो आणि सहाव्या दिवशी परत आलो. पण आमच्या देऊळघाटात निम्म्याहून जास्त माणसांनी घाटाखालचा मुलूख पाहिलेला नाही. वाचनालयाचे मास्तर म्हणाले, "तुम्ही जे पाहिलं ते लिहून द्या, आपल्या हस्तलिखित अंकात घालू." मी चौथीपर्यंत शिकलो. चुका मास्तर काढतील. बाकी जसं झालं तसं लिहितो.

निमित्त झालं जावयाच्या पत्राचं. जावई मधुकर, गाव सोनाळा, सातपुड्याच्या पायथ्याशी. त्याचे वडील शामराव, म्हणजे माझे इवाई, यांनी मेहकरच्या एका मिस्त्रीकडे ज्वारी मळायचं मशीन करायला टाकलं होतं. त्या अंगाला असलं मशीन पहिलंच. पत्रात लिहिलं होतं, "मशीन पोळ्याच्या दिवशी बैलांच्या रांगेत उभं करायचं आहे. पूजा तुमची वच्छला करील. मामाजी, तुम्हाला इंजिनाची माहिती आहे. येताना मेहकरला उतरून मशीन पाहून या."

इंजिनाची माहिती मला आहे. नवं राज्य झालं त्याच्या पुढच्याच वर्षी मी वांग्या-मिरचीच्या मळ्यावर तेलाचं इंजिन बसवलं. त्याच इंजिनाच्या पट्ट्यात माझ्या बायकोचा, गिरजाचा, पदर गेला. खंडेनवमी होती. ती कुंकू लावायला गेली होती. येत्या दसऱ्याला दोन वर्षं होतील. हे गावाला माहीत आहे. मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं की ती न सांगता नको तिथं गेली. तेवढंच सांगितलं.

पत्रात 'पूजा' वाचलं आणि पत्र खाली ठेवलं. वच्छी माझी एकुलती पोर. ताट घेऊन ती चालत्या मशीनपुढं उभी आहे असं मला बसल्या जागी दिसलं. दुसऱ्याच दिवशी पिशवीत धोतर टाकलं, इवायासाठी मळ्यातली टोपलीभर वांगी घेतली आणि बुलढाण्याची मोटार धरली.

मेहकर

चिखलीला मोटार बदलली. पुढं एका जाड्या बाईनं माझ्या टोपलीवर बैठक मारली. मी म्हटलं, "बाई, खाली वांगी हाय." ती म्हणाली, "मंग काय झालं? भरीतच कराचं हाय ना?" मेहकरला उतरलो तेव्हा निम्म्या वांग्यांचं भरीत झालेलं होतं.

मेहकर बाजाराचं गाव. आमच्या देऊळघाटाच्या मानानं शहरच म्हणावं. पैनगंगा जवळ आहे. जुन्या देवळात जाऊन आलो. मूर्ती काळ्या दगडाची, माणसापेक्षा कितीतरी उंच. मान वर करून पाहावी लागते. गिरजा गेल्यापासून माझं देवाशी बोलणं बंद आहे, म्हणून पाहिलं आणि काही न मागता बाहेर आलो.

दगडू मिस्त्रीचा कारखाना म्हणजे टिनाची एक शेड. मिस्त्री पन्नाशीचा, हात घणासारखे, तोंडात पान. त्याच्या हाताखाली दोन गडी, भिका आणि सलीम, दोघंही बायकापोरांचे. मशीन शेडच्या मधोमध उभं होतं. पत्र्याची मोठी पेटी, आत लोखंडी दात्यांचा ढोल. पुढून कणसं घालायची, ढोल फिरतो, खालून दाणे पडतात, मागून भुसा. खळ्यावर दहा बैल चार दिवस फिरतात ते काम हे एका दिवसात करणार असं मिस्त्री म्हणाला. काम नामी होतं. खोटं कशाला बोलू, मी लोखंडावरून हात फिरवला आणि मला बरं वाटलं.

मग मी तोंड पाहिलं. कणसं घालायची जागा म्हणजे पेटीला पाडलेलं भोक आणि पुढं वीतभर पत्रा. भोकात वाकून पाहिलं तर दाते समोरच.

दुपारी भाकरी खायला बसलो. मिरचीचा ठेचा, कांदा आणि चुनवड्याची, म्हणजे बेसनाच्या वड्यांची, भाजी. त्या तिघांचा जेवतानाचा एक खेळ आहे, तो मी दुसरीकडं कुठं पाहिला नाही. रोज एकेकानं, अजून जगात झालं नाही असं मशीन सांगायचं. ज्याच्या मशीनची जास्त भीती वाटेल त्याला दुसऱ्याच्या डब्यातला गूळ.

भिका म्हणाला, "माह्या मशीनले मालकच लागत नाई. सकाळी आपलंआपलं वावरात जाते, डवरते, निंदते, दिवस बुडाला का घरी येऊन उभं राह्यते."

"आन बांध ओलांडून दुसऱ्याच्या वावरात घुसलं मंग?" सलीमनं विचारलं.

"घुसू दे. त्याचं मशीन आन माह्यं मशीन भांडतीन. आपुन झोपू."

सलीम म्हणाला, "माही एक डबी हाय. घराघरात ठिवाची. नवरा-बायको काय बोलतात ते ती सगळं आयकते, आन ते बोलनं तिकडं बुलढाण्याच्या कचेरीत निंगते. साहेब लिहून घेते."

"तुह्या घरातलं आयकून साहेब राजीनामा देईन बे," मिस्त्री म्हणाला. तिघंही हसले. मग मिस्त्रीनं आपलं सांगितलं. "विहिरीवरची मोटर. पन तिची कळ मुंबईले. तिथं साहेब कळ दाबते तवा इथं पानी पडते. साहेब जेवाले गेला का तुमचा गहू वाळला."

मलाही हसू आलं. पण त्या तिन्ही मशीनांबद्दल मला एकच गोष्ट विचारावीशी वाटली आणि मी विचारली. "यातलं थांबवाचं कसं? जो माणूस त्याच्या तोंडाशी उभा हाय, त्याच्या हाताशी काय हाय?"

भिकानं डोकं खाजवलं. "मालकच नाई तं थांबविन कोन?"

सलीम म्हणाला, "डबीच्या कानात बोळा घालू."

"माही कळ तं मुंबईले," मिस्त्री म्हणाला आणि गुळाचा खडा उचलून तोंडात टाकला. "म्हंजे गूळ माहा."

"आन ह्या तुह्या मशीनची कळ?" मी शेडमधल्या मशीनकडं बोट केलं.

"ती इंजनवर."

"इंजन किती लांब राहीन?"

"बारा हात. पट्टा तेवढा लागतेच."

"तोंडाशी कोनाचा हात गुतला, तं तो मानूस बारा हातावर जाऊन इंजन कसं बंद करीन?"

मिस्त्रीनं चावणं थांबवलं. "इंजनजवळ मानूस बसला असते, बुवा."

"तो बिडी प्याले गेला तर?"

"तुम्ही तं वकिलावानी बोलून राह्यले." त्याला राग आला होता. "तिथं हात घालाचं कामच काय? पेंढी टाकाची आन बाजूले व्हाचं. तोंडात हात घालनारा येडाच असन. अशा येड्यासाठी मी मशीन बनवू?"

"पोळ्याले याची पूजा हाय. बाया येतीन."

"कुंकू बाहेरून लावतात, बुवा. बाया आतमंदी काऊन हात घालतीन?"

इथं मी गिरजाचं सांगायला पाहिजे होतं. माझी बायको येडी नव्हती हे सांगायला पाहिजे होतं. पण सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. मी म्हटलं, "ठीक हाय," आणि हात धुतले. मिस्त्री म्हणाला की पोळ्याच्या दिवशी सकाळी तो स्वतः मशीन ट्रकवर घालून आणील आणि चालवूनही दाखवील. त्या रात्री धर्मशाळेत अंगावर घ्यायला काही नव्हतं. खरं न सांगितल्याची तेवढी तरी शिक्षा झाली असं वाटलं.

घाटाखाली

घाट उतरला की हवा बदलते. आमच्याकडं श्रावण म्हणजे गार. खाली उकडतं, आणि जमीन काळी, इतकी चिकट की जोड्यात पाय राहतो आणि जोडा जमिनीत. खामगावच्या पुढं आणखी एक फरक, पाणी खारं. लोक म्हणतात आमच्या विहिरी खाऱ्या. मला वाटलं बोलायची पद्धत असेल. एका ठिकाणी चहा घेतला, तर साखर आणि मीठ दोन्ही एकदमच जिभेवर. हॉटेलवाला म्हणाला, "घाटावरचे दिसता. आमच्या चहात वरून मीठ घालाचं काम नाई."

पूर्णेवर मोटार थांबली. वर पाऊस झाला होता, फरशी पुलावरून गढूळ पाणी चाललं होतं. चार तास बसावं लागलं. माझ्याशेजारी एक म्हातारा बैलजोडी घेऊन थांबला होता. बैलांची शिंगं साळून गुळगुळीत केलेली. त्यानं पिशवीतून भाकर आणि अंबाडीची भाजी काढली आणि न विचारता अर्धी माझ्या हातावर ठेवली. अंबाडी त्यांच्याकडं ज्वारीच्या कण्या घालून शिजवतात. आमच्याकडं तुरीची डाळ घालतात. त्यांची मला जास्त आवडली. गिरजा असती तर हे मी बोललो नसतो.

मशीनचं सांगितलं तर म्हातारा म्हणाला, "ते शेन देईन का?"

"नाई."

"म्हंजे खाईन आपलं आन देईन काई नाई." त्यानं आपल्या एका बैलाच्या पाठीवर थाप मारली. "याच्या पायाखाली मांजर आलं तरी हा पाय वर उचलून उभा राह्यते. तुमच्या इवायाच्या मशीनले समजते का, खाली काय आलं ते?"

दगडू मिस्त्रीच्या खेळातला गूळ या म्हाताऱ्याला मिळायला पाहिजे होता असं मला वाटलं. पुढच्या काळात अशीच मशीनं येणार आहेत. ती येऊ नयेत असं मी म्हणत नाही, मीच इंजिन आणलं होतं. पण मशीन आणायच्या आधी दहा माणसांनी आणि पाच बायांनी बसून, हे आपल्याला कोणत्या कोणत्या तऱ्हेनं खाईल ते मोठ्यानं बोलून घ्यावं. लाजू नये. लग्न जुळवताना आपण पाहुण्यांच्या घरातलं वाईटसाईट आधी विचारतो की नाही?

सोनाळा, खांदमळणी

सोनाळा मोठं गाव. उत्तरेला सातपुडा असा निळा, हात लांब केला तर लागेल असा वाटतो. इवायाचं घर ऐसपैस, अंगणात आठ बैल. वच्छी बाहेर आली, पाया पडली आणि टोपलीत पाहून म्हणाली, "बाबा, वांगी आनली का वांग्याची चटनी?"

पोळ्याच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ. आमच्याकडं बैलाच्या खांद्याला तूप-हळद हातानं चोळतात. इथं पळसाच्या पानांनी शेकतात. शेकून झालं की बैलाच्या कानाशी जाऊन म्हणतात, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. शामराव एकेका बैलाजवळ जाऊन हे बोलले. मग अंगणातल्या मोकळ्या जागेकडं तोंड करून, जिथं उद्या मशीन उभं राहणार होतं, तिथंही बोलले. गडी हसले. ते मात्र मनापासून बोलत होते.

जेवण रोडग्याचं होतं. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे फोडून तुपात बुडवलेले, सोबत वांग्याची भाजी आणि घट्ट वरण. जेवून सगळे अंगणात बसलो. शामराव, त्यांची बायको म्हणजे माझी ईन, मधुकर, वच्छी आणि मी.

शामराव म्हणाले, "उद्या पाहा इवाई. तोरन तुटलं का मशीन दाराशी येईन. इंजन चालू, पट्टा चढवलेला, ढोल घुमून राह्यला असन. सूनबाई ओवाळीन, पुरनाची पोळी देईन, आन मंग गेल्या सालची राखलेली पहिली पेंढी टाकू. साऱ्या गावाचे डोळे फुटले पाह्यजे."

"पोळी कोठं देईन?" मी विचारलं.

"कोठं म्हंजे? तोंडात. बैलाले कोठं देतात?"

मेहकरच्या मिस्त्रीला हे सुचलं नव्हतं. मलाही सुचलं नव्हतं. मी कुंकवापर्यंतच विचार केला होता.

"इंजन बंद ठेवा," मी म्हटलं. "पूजा झाल्यावर चालू करा."

"बंद मशीनची पूजा म्हंजे मेलेल्या बैलाची पूजा. इवाई, तुमचं दुःख मले समजते. पन म्हनून काय आम्ही जलमभर मशीनले भ्यावं?"

ईन म्हणाली, "तुम्ही मशीनचं कवतिक करता, पन मले सांगू का कशाचं भेव वाटते? एक दिवस भाकरी थापाचं मशीन येईन. सुनेपेक्षा चांगल्या थापीन, आन उलटून बोलनार नाई. मंग सुनेले कोन विचारीन?"

"अन सासूले कोन विचारीन, आत्याबाई?" वच्छी म्हणाली. "टोमने मारनारं मशीन आलं तं?"

सगळे हसले. शामराव सगळ्यात जास्त हसले आणि विषय संपला असं समजून उठायला लागले.

मी म्हटलं, "शामराव, बसा. एक सांगाचं राह्यलं." ते बसले. मी वच्छीकडं पाहिलं नाही, बैलांकडं पाहून बोललो. "तुह्या आईनं मले इंजन बंद करा म्हटलं होतं. ताट घेऊन आली, म्हने बंद करा, मले भेव वाटते. मी म्हटलं पानी अर्ध्या वाफ्यात हाय, चालू राहू दे, तू लांबूनच लाव. तिनं अजून एकदा म्हटलं. मी नाई केलं. बंद केलं तं परत हँडल मारा लागते, त्याचा मले कंटाळा."

"तुम्ही तं म्हनत होते, ती न सांगता गेली," वच्छी म्हणाली.

"खोटं म्हनत होतो."

"दोनदा म्हटलं तिनं?"

"दोनदा."

"लोक माह्या आईले येडी म्हनत होते. इथं बी म्हनले. ह्या अंगनात." ती ईनेकडं न पाहता बोलली, पण ईनेनं पदर तोंडाला लावला. वच्छी उठली आणि आत गेली. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. सकाळी चहा आला तो मधुकरच्या हातानं.

पोळा

ट्रक नऊच्या सुमाराला आला. दगडू मिस्त्री वर मशीनला धरून उभा, जसा नवरदेवाच्या घोड्याला मोतद्दार. मशीन उतरवायला बारा माणसं लागली. चाकं लावलेली होती. शामरावांनी त्याला झूल घातली, गड्यांनी लाकडाची शिंगं करून बेगड चिकटवली आणि पत्र्यावर पुढं बांधली. मिस्त्रीला ते आवडलं नाही, पण पैसे दिलेल्या माणसाला काय बोलणार. त्यानं इंजिन जागेवर बसवलं आणि गुंडाळलेला पट्टा काढला.

तेवढ्यात वच्छी आतून आली. "मिस्त्रीभाऊ, पट्टा द्या."

"तुम्ही काय करतान, ताई?"

"पूजेले लागते."

त्यानं दिला. तिनं तो उचलला, जड होता, दोन्ही हातांनी छातीशी धरून आत नेला, ज्वारीच्या कोठीत टाकला, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. शामराव दारात उभे राहून पाहत होते. मला वाटलं आता भांडण होतं. त्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा मिस्त्रीकडं.

"पट्टा काऊन नेला?" मिस्त्री म्हणाला. "इंजन चालवून दाखवाचं हाय ना?"

"आज नाई चालवाचं," शामराव म्हणाले. "आज सून म्हनीन तसं."

चार वाजता सगळे बैल तोरणाखाली लागले. पन्नास-साठ जोड्या असतील. शेवटी शामरावांचं मशीन, त्याला त्यांचीच जोडी ओढत होती. आमच्याकडं पोळ्यात वाजंत्री जास्त, इथं झडत्यांना जोर. एकजण रांगेसमोर येऊन जुळवून बोलतो, बाकीचे हर बोला म्हणून ओरडतात. त्या दिवशी साऱ्यांनी मशीनला धारेवर धरलं. एक म्हणाला,

"आला आला लोखंडी बैल, त्याले शेपूट ना कान,
माशी बसली नाकावर तं हाकलनार कोन?"

दुसरा पुढं आला,

"शामरावाच्या बैलाले घासलेट लागते प्याले,
शेन पाह्यजे गोवऱ्याले तं जाजा म्हना मेहकरले."

शामरावही हसले. मिस्त्री पान थुंकून म्हणाला, "मेहकरले काय, माह्या घरी या, देतो शेन."

तोरण तुटलं आणि बैल आपापल्या घरी पूजेला पळाले. मशीन अंगणात आलं. झडत्यांमुळं असेल, शेजारपाजारच्या पंधरा-वीस बाया ताटं घेऊन मागोमाग आल्या. वच्छी पहिली. तिनं चाकांवर पाणी घातलं, शिंगांना कुंकू लावलं, ओवाळलं. मग पुरणाची पोळी घेतली.

बैलापुढं नैवेद्य कोणी जमिनीवर ठेवत नाही. त्याच्या तोंडात देतात, आणि त्यानं घेतला नाही तर आत सारतात. मशीन काही पोळी घेईना. पत्र्यावर ठेवली तर ती घसरून खाली यायला लागली. वच्छीनं ती आत सारली. कोपरापर्यंत हात गेला. मग खांद्यापर्यंत. ती वाकली आणि डोक्यावरचा पदर सुटून हाताच्या बाजूनं आत गेला, सरळ दात्यांवर.

तिनं हात काढला, पण पदर निघेना. एका दात्यात अडकला होता. ती तशीच वाकून उभी राहिली आणि मान वळवून मिस्त्रीकडं पाहिलं. मी पुढं होऊन पदर सोडवला. लुगडं फाटू न देता सोडवायचं म्हणून वेळ लागला. पट्टा कोठीत होता, इंजिन गार होतं, काही होणार नव्हतं हे मला माहीत होतं. तरी सोडवताना मी दोनदा इंजिनाकडं पाहिलं.

वच्छी बाजूला झाली आणि पुढची बाई आली. तिनंही पोळी आतच घातली. मग तिसरी. ईन आली, तिनं तर दोन पोळ्या नेऊन ढोलावर नीट ठेवल्या आणि वर तुपाचा हात पुसला. एका बाईनं कडेवरच्या पोरीचा हात धरून तिच्या हातानं घास आत सोडला. कोणी त्यांना सांगितलं नव्हतं. कोणी येडी नव्हती. सगळ्या आपल्या घरच्या बैलाला जसा देतात तसा नैवेद्य देत होत्या.

मिस्त्री ओट्यावर बसला होता. त्याचं पान तोंडातच राहिलं. पाचव्या-सहाव्या बाईनंतर तो उठून मशीनपाशी आला आणि तोंडाच्या बाजूला उकिडवा बसून, कोणाचा हात कुठपर्यंत जातो ते पाहायला लागला. सगळ्या झाल्यावर माझ्याकडं वळून म्हणाला, "बुवा, तुम्ही मेहकरले काऊन नाई सांगितलं?"

"काय सांगू? मले बी पोळीचं ठाऊक नव्हतं."

"पोळीचं नाई. दुसरं." ट्रकवरून उतरल्यावर कोणीतरी गड्यानं त्याला माझ्या घरचं सांगितलं असावं.

मी म्हटलं, "हिंमत नाई झाली."

त्यानं मान हलवली. मग खिशातून माप घ्यायची सुतळी काढली आणि बायांना म्हणाला, "आयाबायांनो, जरा थांबा. एकेकीनं हात पुढं करा."

"काऊन जी, बांगड्या भरून देतं का मिस्त्री?" एक म्हणाली.

"माहा तं लांबच हाय, मालकाच्या खिशातून पैसे काढून काढून," दुसरी म्हणाली.

तो हसला नाही. प्रत्येकीच्या खांद्याच्या हाडाला सुतळीचं एक टोक लावी, बोटाच्या शेंड्यापर्यंत ओढी आणि तिथं गाठ मारी. शामरावांना समजावत होता, मशीन परत नेतो, तोंडाला नळीसारखा पत्रा लावतो, सगळ्यात लांब हात घातला तरी दात्याला लागला नाही पाहिजे. आणि तोंडाजवळ एक दांडा देतो. दांडा ओढला की पट्टा सरकून सैल चाकावर जाईल, इंजिन चालूच राहील पण ढोल उभा राहील. बारा हात पळायचं काम नाही. दहा दिवस लागतील. शामराव म्हणाले, "लागू दे."

वच्छीचा हात मोजला. ईनेचा मोजला. ईनेचा सर्वांत लांब निघाला. मिस्त्री सुतळी गुंडाळायला लागला.

"अजून एक राह्यला," वच्छी म्हणाली. ती मिस्त्रीशी बोलत होती पण पाहत माझ्याकडं होती. कालपासूनचं हे पहिलंच. "माह्या आईचा हात लय लांब होता. घरातल्या साऱ्या बायांत लांब. किती, ते माह्या बाबालेच ठाऊक. बाबा, सांगा न."

मी सदऱ्याची बाही वर सारली आणि डावा हात सरळ सोडला. मिस्त्रीनं सुतळी माझ्या खांद्याला लावली. मी उजव्या हाताचं बोट माझ्या मधल्या बोटाच्या पहिल्या पेरावर ठेवलं.

"इथवर," मी म्हटलं.

त्यानं सुतळी तिथपर्यंत आणली. ईनेची गाठ मागंच राहिली होती. त्यानं नवी गाठ मारली, दातांनी ओढून घट्ट केली आणि तिच्यापुढं हातभर सुतळी सोडून मग ती तोडली.